गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणे!

रस्त्याचं काम निघालं की आधी येतो जेसीबी. मग खडीचे ढीग. मग मुरूम. आणि मग, आलाच तर, एक बोर्ड: 'काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' हा बोर्ड बहुतेक वेळा खड्ड्याच्या अगदी तोंडाशी उभा असतो. म्हणजे तो वाचता येईल इतक्या जवळ पोचलेला माणूस बोर्ड वाचत वाचतच आत जाणार. रात्री तर तोही दिसत नाही.

या शनिवारी मला त्या बोर्डावरच्या एकेका शब्दाशी भांडायचंय.

'काम चालू आहे.' कुठलं? रस्ता खणायचं काम चालू आहे हे आंधळ्यालाही दिसतंय. पण ज्यांच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला त्यांनी तोवर कुठून चालायचं, कुठे थांबायचं, कुठून रस्ता ओलांडायचा, हे ठरवायचं कामसुद्धा त्याच कामाचा भाग आहे. ते चालू नाही. ते सुरूच झालेलं नाही.

'गैरसोय.' दोन दिवस नळाला पाणी आलं नाही तर गैरसोय. एसटी अर्धा तास उशिरा आली तर गैरसोय. अंधारात मोटरसायकलसकट मोरीच्या खड्ड्यात पडून माणूस गेला तर त्याला मराठीत वेगळा शब्द आहे.

'क्षमस्व.' बरं, क्षमा मागतंय कोण? खाली नाव नाही, फोन नंबर नाही. क्षमा करायची तरी कोणाला?

तर मुद्दा असा. काम चालू असताना त्या जागेवरून माणसांनी आणि गाड्यांनी सुखरूप कसं जायचं याचा आराखडा हा कामाचाच भाग आहे, आणि तो काम सुरू होण्याआधी तयार पाहिजे. 'जमलं तर करू' अशी ती मेहेरबानी नाही. हे कोणाला नवीन नाही, कागदावर तर मुळीच नाही. मग होत का नाही? त्याचं कारण लोकांच्या बेशिस्तीत सापडणार नाही, सापडलं तर बिलात सापडेल. तिकडे येतोच.

पुणं नको, न्हावरे घ्या

मेट्रोच्या खोदकामाबद्दल पेपरात रकानेच्या रकाने छापून येतात. शहरात निदान कोणी फोटो काढून ओरडतं तरी. म्हणून मी मुद्दाम शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचं उदाहरण घेतो. माझ्यासारखी आठवडाभर पुण्यात कंपनीत बसणारी आणि शनिवारी शिरूर-दौंडकडे घरी पळणारी मंडळी हे गाव चांगलं ओळखतात. घोडगंगा साखर कारखाना इथलाच. तळेगाव, चाकण, शिक्रापूरकडून येऊन पुढे श्रीगोंदा-जामखेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी इथून जातो. आणि शिरूरहून निघून भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळणारा रस्ताही इथूनच. म्हणजे नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता यांच्या मधला हा सांधा. नकाशात ठिपका छोटा, पण त्यावरून जाणारं ओझं मोठं.

आता समजा, अशा गावातून जाणारा रस्ता रुंद करायचाय, किंवा मोरी बदलायचीय, किंवा कडेनं गटार टाकायचंय. रस्त्यावर कोण कोण असतं ते मोजा. सकाळी शाळेत चालत किंवा सायकलवर जाणारी मुलं. एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं. दवाखान्यात निघालेली म्हातारी, हातात काठी. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका. चाऱ्याचा भारा कॅरिअरला आडवा बांधलेली मोटरसायकल, जी साध्या मोटरसायकलपेक्षा तिप्पट रुंद असते. शेळ्या. आणि उसाचा हंगाम असला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि बीड-नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबं, जी रस्त्याच्या कडेलाच कोप्या घालून राहतात. त्यांची पोरं त्याच रस्त्याच्या कडेला खेळतात.

या सगळ्यांच्या मधून चाकणकडचा कंटेनर जातो. त्याच्या ड्रायव्हरने हे गाव आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

शहरासाठी बनवलेला आराखडा इथे कॉपी-पेस्ट करून चालणार नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूने रस्ता कापत जाते. पिंपं मांडून केलेल्या चिंचोळ्या वळणावर आतल्या बाजूला जर कोणी चालत असेल तर ट्रॅक्टरवाल्याला तो माणूस दिसणारही नाही. भरल्या बैलगाडीला तात्पुरत्या वळणरस्त्याचा खडा चढ चढत नाही, बैल मध्येच बसतो, आणि मागे रांग लागते. इथल्या आराखड्यात हे धरावं लागेल. पण धरायला आराखडा तर हवा!

नियम आहेत, भरपूर आहेत

आपल्याकडे नियम नाहीत असं समजू नका. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची आयआरसी:एसपी:५५ नावाची खास पुस्तिकाच या विषयावर आहे. ती पहिल्यांदा २००१ मध्ये आली आणि २०१४ मध्ये सुधारून पुन्हा निघाली. तिच्यात कामाच्या जागेचे चार टप्पे सांगितलेत. साध्या भाषेत सांगायचं तर असे: आधी 'पुढे काम आहे' असं लांबून सांगण्याचा पट्टा. मग गाड्यांना हळूहळू एका बाजूला सरकवण्याचा पट्टा. मग प्रत्यक्ष कामाची जागा, तिच्याआधी थोडी मोकळी जागा राखून. आणि शेवटी गाड्या पुन्हा मूळ रस्त्याला लावण्याचा पट्टा.

आपण काय करतो? पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा गाळून थेट तिसरा. आणि त्याच्यापुढे चार दगड, त्यावर बाभळीची एक फांदी. खूपच काळजी घेतली तर काठीला खताची पांढरी गोणी.

लांबून सांगायचं म्हणजे किती लांबून, याचं गणित नववीतल्या मुलालाही करता येईल. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर पोचेपर्यंत अडीच सेकंद धरतात. झाले ५५ मीटर, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. त्यानंतर घासत थांबायला आणखी सत्तरेक मीटर. आयआरसीच्या तक्त्यातही ८० च्या वेगाला थांबायचं अंतर १२० मीटर धरलंय. ६० च्या वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलला सुद्धा ८० मीटर लागतात. आणि मोटरसायकलच्या डिपर केलेल्या दिव्याचा उजेड फार तर पन्नासेक मीटर पडतो. म्हणजे खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेला, न चमकणारा दगड त्या पोराला जेव्हा दिसतो तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. तो कितीही शहाणा असो, हेल्मेट घातलेला असो, देवाचं नाव घेऊन निघालेला असो.

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा: 'फार जोरात होता म्हणे.'

'इन्सिडेंटल' नावाचा शब्द

आता बिलाकडे येऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं रस्ते आणि पूल बांधणीचं एक जाडजूड तांत्रिक पुस्तक आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ची. त्यातलं ११२ वं कलम आहे 'बांधकाम चालू असताना वाहतुकीची व्यवस्था'. वाचायला फार छान कलम आहे. कठडे लावा, पाट्या लावा, निशाण दाखवणारी माणसं ठेवा. वाहतूक जिथे मूळ वाटेवरून वळते तिथे रंगवलेली पिंपं आणि खुणा मांडा. रात्री ती वाट कंदील किंवा दुसऱ्या दिव्यांनी दाखवा. अर्धा रस्ता बंद करून एकाच बाजूने गाड्या सोडायच्या असतील तर दोन्ही टोकांना माणसं नाहीतर तात्पुरते सिग्नल ठेवा, तेही पूर्ण वेळ. सगळं सगळं लिहिलंय.

आणि मग कलमाच्या शेवटी मोजमाप आणि पैशांचा भाग येतो. वळणरस्ता बांधला तर त्याची वेगळी मोजणी होते. बाकी वाहतुकीची व्यवस्था? ती कामाला 'इन्सिडेंटल', म्हणजे आनुषंगिक धरायची. कंत्राटदाराची जबाबदारी. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

थांबा, हे पुन्हा वाचा. खडीचे घनमीटरवर पैसे. डांबराचे टनावर पैसे. दुभाजकाचे मीटरवर पैसे. आणि माणूस मरू नये म्हणून जे करायचं ते आनुषंगिक.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे दुखणं पाठ आहे. क्लायंट म्हणतो, टेस्टिंगचे वेगळे पैसे देणार नाही, ते तुमच्या डेव्हलपमेंटमध्येच धरा. मॅनेजर मान डोलावतो. एस्टिमेट करताना सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं, आणि बोली कमी कुठून होते? जिथे वेगळी ओळ नाही तिथून. मग डेडलाईन जवळ आली की पहिला बळी टेस्टिंगचा. कोणी ठरवून वाईट वागत नाही. ज्याचा हिशेब कुठेच दिसत नाही ती गोष्ट आपोआप गळते, एवढंच. फरक इतकाच की आमच्याकडे टेस्टिंग गळलं तर कोणाची तरी स्क्रीन लाल होते. तिकडे रस्ता.

आणि चालू रस्ता म्हणजे चालू सर्व्हर हो. बँकेचा सर्व्हर बदलायचाय म्हणून कोणी भर दुपारी वायर उपटून 'काम चालू, गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं चिकटवत नाही. आधी पर्यायी सर्व्हर उभा राहतो, सगळे व्यवहार तिकडे वळतात, ते चालतायत याची खात्री होते, आणि मगच जुन्याला हात लागतो. तिथे पैसे बुडण्याची भीती असते म्हणून हे होतं. माणसं बुडण्याची भीती त्याहून कमी पडावी?

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: टेंडरमध्ये सुरक्षेला स्वतःची ओळ द्या. इतके मीटर कठडे, इतके दिवे, इतक्या पाट्या, इतकी निशाणवाली माणसं, इतके दिवस. लावलं तर पैसे, नाही लावलं तर त्या दिवसाचे पैसे कापा. बोली लावताना या ओळीचा दर ठरलेलाच असू द्या, म्हणजे तिच्यात कोणाला कमी-जास्त करता येणार नाही. मग बघा, ज्या कंत्राटदाराला खडीचं एक घमेलं सुटत नाही त्याला एकही दिवा सुटणार नाही.

चालणाऱ्यापासून सुरुवात करा

आपल्याकडे जो काही आराखडा होतो तो गाड्यांपासून सुरू होतो आणि गाड्यांपाशीच संपतो. ट्रॅफिक वळवलं की झालं. चालणारा आपलं आपण बघून घेईल. त्याला काय, तो कुठूनही जातो!

'कुठूनही' जाता यावं म्हणून तो कुठून जातो ते बघा. कडेला गटाराचा चर खणलाय, त्याची माती साईडपट्टीवर टाकलीय, मातीच्या अलीकडे पाईप रचलेत. चालणाऱ्याला उरतो डांबरी रस्ता, आणि तोही अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यावर काम. म्हणजे ज्याच्याभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही, तो माणूस आपण नेमका कंटेनरच्या समोर आणून उभा केला.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ जण पायी चालणारे होते. जवळजवळ पाचातला एक. त्यांनी कुठला वेग मोडला होता?

रस्ता ओलांडायचं गणितही मांडू. रुंद केलेला रस्ता साईडपट्टीसकट १० मीटर धरा. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणजे ८ सेकंद. काठी घेतलेली आजी १२-१३ सेकंद घेणार. तेवढ्या वेळात ८० ने येणारी गाडी पावणेतीनशे मीटर येते. म्हणजे आजीने पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी वळणापलीकडे होती, दिसतही नव्हती, ती आजी मधोमध असताना समोर येणार. यावर 'नीट बघून ओलांडा' हा उपदेश काय कामाचा? बघितलं हो तिने! इथे गाडीचा वेग कमी करणं हा एकच उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीने धडक दिलेल्या पादचाऱ्याचा मरणाचा धोका ५० च्या वेगावरून ६५ वर गेल्यावर साडेचार पट होतो. फक्त १५ किलोमीटरचा फरक. न्हावऱ्यासारख्या गावात काम चालू असेल तर कामाच्या दोन्ही बाजूंना आधीच, नीट रंगवलेले, रात्री चमकणारे तात्पुरते गतिरोधक हवेत आणि ओलांडायची जागा एकच, ठरलेली, उजेडातली हवी. ती एसटी थांब्यापाशी आणि शाळेच्या वाटेवर हवी. साहेबाच्या गाडीला वळायला सोयीची पडते तिथे नको.

ब्रिटनमध्ये रस्ता खणणाऱ्यांसाठी एक लाल कव्हरची पुस्तिका आहे. तिच्यात लिहिलंय की फूटपाथ अडवलात तर चालणाऱ्यासाठी सुरक्षित वाट द्यायचीच. किमान १ मीटर रुंद, आणि शक्य तिथे दीड मीटर. कठड्याला खालच्या बाजूला एक आडवी पट्टी हवी, अंध माणसाची काठी तिला लागावी म्हणून. त्या एका पट्टीत त्यांनी किती विचार केलाय बघा. आता म्हणाल, ते साहेबाचं राज्य, आपल्याकडे कुठलं!

बरं, आपल्याकडचंच घ्या. न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्याला या आणि सोलापूरच्या दिशेने थोडं पुढे जा, पाटस लागेल. तिथून बारामती-इंदापूरकडे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग दौंड तालुक्यातच सुरू होतो. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी दोन्ही पालखी मार्गांच्या कामांची पायाभरणी केली, आणि त्यांची खासियत काय सांगितली? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांना चालण्यासाठी खास पायवाट. बघा, म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर चालणारा माणूस असतो हे सरकारला माहीत आहे. तो चालतो, त्याला जागा लागते, त्याचं आरेखन करता येतं आणि त्याला पैसेही मिळतात.

माझा प्रश्न एवढाच की तोच वारकरी आषाढी करून परत आला, टाळ खुंटीला लावला, आणि खांद्यावर खोरं टाकून शेताकडे निघाला, तर तो माणूस राहत नाही का?

पत्र्याबाहेरचं बांधकाम

दुसरी एक सोयीस्कर समजूत म्हणजे बांधकामाची जागा पत्र्याच्या आत संपते. संपत नाही. खडी, वाळू, काँक्रीट ज्या रस्त्याने येतं तो रस्ता, आणि कामावरची माणसं रात्री जिथे झोपतात ती जागा, हे दोन्ही त्याच कामाचे भाग आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीजवळ काँक्रीटने भरलेला मिक्सर वळणावर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणी त्याखाली गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिंजवडीतच मिक्सरने स्कूटरला धडक दिली आणि आईमागे बसलेली ११ वर्षांची मुलगी गेली. हा आमच्या आयटीवाल्यांचा रोजचा रस्ता. ज्या चकचकीत इमारतींत आम्ही बसतो त्या याच मिक्सरांतून उतरल्यात. अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळेत बंदी असते, पण बंदी कागदावर आणि मिक्सर रस्त्यावर. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत पोचवायचं म्हणून ड्रायव्हर पळवतो. म्हणजे मिक्सरची वेळ आणि वाट हा आराखड्याचा प्रश्न झाला. तो सगळा ड्रायव्हरच्या डोक्यावर फोडून साईटवाल्यांना मोकळं होता येणार नाही.

आणि वाघोली. न्हावऱ्याकडून पुण्याला यायचं तर नगर रस्त्याने वाघोली चुकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, केसनंद फाट्यावर एक डंपर फूटपाथवर झोपलेल्या माणसांवर चढला. तिघं गेले. त्यातली दोन लहान बाळं. अमरावती जिल्ह्यातून बांधकामाच्या कामासाठी आलेली ही कुटुंबं होती. ड्रायव्हर दारू प्यायला होता असं पोलिसांनी सांगितलं, आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण दारू उतरल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. इमारती बांधायला बोलावलेल्या माणसांना झोपायला फूटपाथ का लागावा? कारखान्याला ऊस तोडायला आलेल्यांच्या कोप्या रस्त्याला खेटून का असाव्यात? मजूर कुठे राहणार हे ज्या आराखड्यात नाही तो अर्धाच आराखडा.

जमतं हो, मनावर घेतलं की

'आपल्याकडे हे शक्य नाही' म्हणणाऱ्यांसाठी चांदणी चौक. १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, खरं तर २ तारीख लागल्यावर, तिथला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं वापरून पाडला. त्या एका रात्रीसाठी काय नव्हतं? गाड्या कुठून वळवायच्या हे दिवसन् दिवस आधी पेपरात आलं. ठरल्या वेळी महामार्ग बंद झाला. आजूबाजूचा परिसर रिकामा केला. पोलीस, अँब्युलन्स, अग्निशमन दल, राडारोडा उचलायला यंत्रं, सगळं तयार. सकाळी रस्ता मोकळा करून दिला. माझ्या माहितीत इतकं नीट पार पडलेलं काम विरळाच.

का जमलं? टीव्हीचे कॅमेरे होते, मंत्री लक्ष घालत होते, आणि चुकलं तर कोणाचं चुकलं हे सगळ्या महाराष्ट्राला कळणार होतं. न्हावऱ्यातल्या मोरीला कॅमेरा नाही. पण मोरीसाठी लागणारी अक्कल चांदणी चौकाच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही नाही हो!

नेहमीचे तीन आक्षेप

पहिला: लोकांनाच शिस्त नाही. कठडे लावले तर पळवतात, दिवे चोरतात. पळवतात, मान्य. सिमेंटची पोतीही पळवतात. म्हणून कोणी सिमेंटशिवाय पूल बांधतं का? पोत्यांवर वॉचमन बसतो तसा दिव्यांवर बसवा. आणि शिस्तीचं म्हणाल तर चालायला वाट आखून द्या, मग ती सोडणाऱ्याला बोला. वाटच नसताना 'वाट सोडली' म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरा: खर्च वाढेल. वाढेल की. कोट्यवधींच्या कामात सहा माणसांचा रोज वाढेल, दोन टोकांना दोन, तीन पाळ्यांत. शिवाय खर्च आजही होतोच, फक्त तो कंत्राटात न दिसता कोणाच्या तरी घरी दिसतो. कोणी दोन गुंठे विकून पुण्याच्या हॉस्पिटलचं बिल भरतो. ते बिल टेंडरला जोडलं तर कुठलं काम स्वस्त आणि कुठलं महाग हे ताबडतोब कळेल.

तिसरा: काम रेंगाळेल. उलट आहे. अर्धा रस्ता शिस्तीत चालू असेल तर कामगारांना निवांत काम करता येतं. आज ट्रक सोडायला दर दहा मिनिटांनी जेसीबी बाजूला घ्यावा लागतो, त्याने काम रेंगाळत नाही का?

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं. रस्त्याचं आरेखन, बांधकाम किंवा देखभाल करणाऱ्या यंत्रणेने किंवा कंत्राटदाराने सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर दंड. किती? जास्तीत जास्त १ लाख रुपये. कामाच्या आकड्यापुढे ही रक्कम चहापाण्यात जाते. तरी कलम उपयोगी आहे, कारण धोक्याच्या सूचना लावल्या होत्या का हे कोर्टाने पाहायचं असं त्यात लिहिलंय.

कोर्टं मात्र पुढे गेलीयत. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पादचाऱ्याला नीट फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे गेलेल्यांच्या वारसांना ६ लाख, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. शिवाय ते पैसे जबाबदार अधिकाऱ्यांकडून आणि कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितलं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. आनुषंगिक खर्च अचानक खिशातला खर्च झाला. पण वारसांना मिळणारी भरपाई म्हणजे माणूस गेल्यावरची व्यवस्था. मला माणूस जायच्या आधीची हवीय.

मग करायचं काय?

ब्लॉगवर लिहून रस्ते सुधारत नाहीत हे मला माहीत आहे :) पण वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. आपल्या गावातून जाणारं कुठलंही रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी तिथे उभं राहून पाच गोष्टी मागता येतात.

एक, वाहतुकीचा आणि चालणाऱ्यांचा आराखडा मराठीत, मोठ्या कागदावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. शाळा, दवाखाना, एसटी थांबा, बाजार त्यावर दिसले पाहिजेत. दोन, पर्यायी पायवाट आधी, खोदकाम नंतर. पायवाटेवरून आधी सरपंच आणि साईट इंजिनिअर रात्री आठ वाजता चालून दाखवतील. टॉर्च न घेता. तीन, एका वेळी जेवढं दोन-चार दिवसांत बुजवता येईल तेवढंच खणा. किलोमीटरभर चर उघडा टाकून दुसऱ्या साईटवर जायचं नाही. चार, उसाच्या हंगामात आणि बाजाराच्या दिवशी काय वेगळं करणार ते लिहून द्या. पाच, बोर्डावर अधिकाऱ्याचं पद, कंत्राटदाराचं नाव आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

यातलं एकही मागणं भारी यंत्राचं नाही, परदेशी तंत्रज्ञानाचं नाही. सगळं आपल्याच सरकारच्या आपल्याच पुस्तकांत या ना त्या रूपात छापलेलं आहे. फक्त त्याला बिलात ओळ नाही, आणि विचारणारं कोणी नाही. ओळ घालणं मंत्रालयाच्या हातात आहे. विचारणं आपल्या.

आणि तो बोर्ड? तोही बदलायला लावा. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' पुसून टाका आणि लिहा: 'चालणाऱ्यांनी इकडून जावे', खाली बाण. बाण दाखवायला तिथे वाट असावी लागते, एवढीच काय ती अडचण.

ता.क.: तुमच्या गावात काम चालू असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर एक चक्कर मारा आणि किती दिवे लागलेत ते मोजून सोमवारी अर्जात लिहा. आकडा शून्य आला तरी लिहा. शून्य हाही आकडाच आहे, आणि सरकारी फायलीत तो फार बोलतो.